माद्रिद-लिस्बनच्या वाटेत त्रुहियोला एक मुक्काम करावा का?

निवांतनीता
नमस्कार मंडळी. सप्टेंबरच्या शेवटी आम्ही तिघं माद्रिदहून भाड्याच्या गाडीने लिस्बनला चाललोय. तिघं म्हणजे मी, नवरा आणि सासूबाई (वय ७४, गुडघे कुरकुरतात, जीभ ठणठणीत). अंतर ६०० किमीच्या वर आहे. नवऱ्याचं म्हणणं पहाटे निघू आणि एका दमात पोचू, माझं म्हणणं मग विमानाने जाऊ की, गाडी कशाला घ्यायची. नकाशा चाळताना माद्रिदपासून साधारण २५० किमीवर हायवेला लागूनच त्रुहियो नावाचं गाव दिसलं. वर टेकडीवर किल्ला, खाली भलामोठा चौक, चौकात घोडेस्वाराचा पुतळा, पेरू जिंकणाऱ्या फ्रान्सिस्को पिझारोचा. फोटो बघून मी मनात मुक्काम ठरवूनसुद्धा टाकला, पण घरात अजून बहुमत नाही.

तर प्रश्न असे. एक रात्र राहण्याइतकं काही आहे का, की दोन तासांत बघून सुटावं? सासूबाईंना चढ झेपेल का? त्या शाकाहारी आहेत, अंडं चालतं, तर त्यांच्या जेवणाचं काय? आणि शेवटचा प्रश्न नवऱ्याचा, जसाच्या तसा देते: "तो पिझारो म्हणजे दरोडेखोर. लुटीच्या पैशातून बांधलेले वाडे बघायला आपण युरो का मोजायचे?" याचं कुणीतरी नीट उत्तर द्या.

बंडूचा_मळा
मी आधी ट्रुजिलो असं वाचलं आणि म्हटलं हे कुठलं औषध.

पाणकोंबडी
@बंडू, स्पॅनिशमध्ये ज चा ह होतो आणि दोन ल जोडून आले की य. त्रुहियो. तिकडे जाऊन ट्रुजिलो म्हणालात तर कुणी रस्ता सांगणार नाही.

मिरजकर_मोहन
मी जाऊन आलोय. जरूर जा. समुद्र जवळ आहे, आणि गावाबाहेर चान चान म्हणून मातीच्या विटांचं जुनं शहर आहे ते अजिबात चुकवू नका, अर्धा दिवस लागतो. मासे फार छान मिळतात.

पाणकोंबडी
मोहनराव, ते पेरूतलं त्रुहियो हो! नीताताई स्पेनमधल्या गावाबद्दल विचारतायत, तिथून समुद्र गाठायला आख्खं पोर्तुगाल ओलांडावं लागेल.

मिरजकर_मोहन
अरेच्चा. क्षमस्व. पण नाव तेच आहे ना?

सदासफरी
नाव तेच, कारण पेरूतल्या गावाला नाव दिलं ते या स्पेनमधल्या गावावरून. पेरूतलं १५३४-३५ मधलं. होंडुरासमध्ये एक त्रुहियो आहे, व्हेनेझुएलात एक आहे. माणसं गेली तिथे गावाचं नाव बरोबर घेऊन गेली.

नीताताई, मी सोलरच्या कामासाठी दीड वर्ष कासेरेसला होतो, तिथून हे गाव ४५-५० किमी. रविवारी काही सुचलं नाही की मी तिकडेच. त्यामुळे जरा लांबण लावतो, कंटाळा आला तर शेवटचा परिच्छेद वाचा.

हा सगळा भाग एक्स्ट्रेमादुरा. उत्तरेला ताहो नदी, दक्षिणेला ग्वादियाना आणि मधे नुसतं माळरान, ओकची विरळ झाडं, त्यांच्याखाली चरणारी काळी डुकरं आणि मेंढ्या. उन्हाळ्यात चाळिशीच्या वर पारा सहज जातो. या माळावर एकदम ग्रॅनाइटचा एक उंचवटा वर येतो आणि त्याच्यावर त्रुहियो. दगड तोच, भिंती त्याच दगडाच्या, गिलावा बहुतेक कशालाच नाही, म्हणून लांबून बघितलं तर खडक कुठे संपला आणि किल्ला कुठे सुरू झाला ते कळत नाही. वस्ती आज १० हजारांच्याही आतच. रोमन काळात याला तुर्गालियुम म्हणायचे. मग अरबी सत्ता आली ती पाचएक शतकं टिकली. किल्ला मूळचा त्यांचा, नवव्या-दहाव्या शतकातला. दोन बुरुजांमधे घोड्याच्या नालेच्या आकाराची कमान आहे बघा, ती खूण त्यांचीच. आत अंगणाखाली पाण्याची दोन टाकी आहेत, आपल्या गडांवर असतात तशीच खोदीव-बांधीव, आणि मला सगळ्या किल्ल्यात तीच जास्त आवडली. वेढा पडला की तलवारी नाही, टाकी किती भरलीय त्यावर गड टिकतो, हे राजगडावर जे कळतं ते इथेही कळतं.

तेराव्या शतकात ख्रिश्चनांनी गाव कायमचं घेतलं. लोककथा अशी की लढाई रेंगाळली तेव्हा दोन बुरुजांच्या मधे मेरी प्रकट झाली. म्हणून गावाच्या मोहोरेवर, म्हणजे मानचिन्हावर, दोन बुरूज आणि मधे ती. किल्ल्यात तिची मूर्ती आहे. १४३० मध्ये राजाने याला शहराचा दर्जा दिला. तोपर्यंत सगळी बडी घराणी वर तटाच्या आत राहायची. खाली चौकात बाजार भरायचा. अजूनही चौकातल्या कमानींच्या ओवऱ्यांना पावाची ओवरी, मटणाची ओवरी, कापडाची ओवरी अशी जुनी नावं आहेत. मग सोळाव्या शतकात अमेरिकेतून पैसा आला आणि बड्यांना वर राहणं अडचणीचं वाटायला लागलं, ते खाली चौकात उतरले आणि प्रत्येकाने दुसऱ्यापेक्षा थोरला वाडा बांधला. म्हणजे वरचं गाव लढाईचं, खालचं गाव मिरवण्याचं. हे एकदा डोक्यात बसलं की गाव पुस्तकासारखं वाचता येतं.

आता कामाचं. चौक सपाट आहे, तिथे बसून सासूबाईंचा दिवस मजेत जाईल. वर जायला दगडी फरसबंदी, चढ आहे, सावकाश २० मिनिटं. दुपारी २ ते ५ गाव झोपतं, पुण्यालाही लाजवेल असं. रात्र मात्र काढाच, कारण बसने आलेले लोक संध्याकाळी गेले की चौकात फक्त गावकरी उरतात, पोरं पुतळ्याभोवती फुटबॉल खेळतात आणि पिवळे दिवे लागतात. दोन तासांत हे मिळणार नाही.

बंडूचा_मळा
शेवटचा परिच्छेदच सगळ्यात लांब आहे हो सदाभाऊ. पण वाचला. वाचनखूण साठवली.

सुमनताई_आठवले
खूप छान माहिती. फोटो टाका ना.

घारघार
पक्षी बघणाऱ्यांसाठी हे गाव तीर्थक्षेत्र आहे, कुणी बोललंच नाही म्हणून लिहितो. प्रत्येक मनोऱ्यावर, प्रत्येक घंटाघरावर पांढऱ्या करकोच्यांची घरटी. काटक्यांचे भारे नुसते, बघून वाटतं आत्ता कोसळेल. करकोचा गात नाही, चोच आपटतो, टकटकटकटक असा आवाज, आणि तो आख्ख्या चौकात घुमतो. तिकडे एक म्हण आहे, ३ फेब्रुवारीला संत ब्लासच्या दिवशी करकोचा दिसणार म्हणजे दिसणार. आता बरेचसे करकोचे आफ्रिकेत जातच नाहीत, उकिरड्यांवर बारा महिने पोट भरतं.

दुसरं म्हणजे लेसर केस्ट्रेल, छोटा ससाणा. त्यांची वसाहत गावातल्या बैलझुंजीच्या रिंगणाच्या कौलांखाली आहे आणि त्यांच्यासाठी ती जागा युरोपच्या नियमाने संरक्षित आहे. बैलांच्या मरणाच्या जागेवर पक्ष्यांना अभय, गंमतच. पण नीताताई, सप्टेंबर अखेरीस ससाणे गेलेले असतील. मार्च ते मे खरा हंगाम. तारीख बदला.

निवांतनीता
@घारघार, तारीख बदलायची तर नवऱ्याचा बॉस बदलावा लागेल.

सरळसोट
सगळे करकोचे आणि कमानी बघतायत, धागाकर्तीच्या नवऱ्याचा प्रश्न कुणी घेतलाच नाही. माणसाने बरोबर विचारलंय. १६ नोव्हेंबर १५३२, पेरूतलं काहामार्का. पिझारोकडे १६८ माणसं. इंका राजा अताहुआल्पाला भेटीला बोलावलं, त्याचे लोक बहुतेक निःशस्त्र होते, हजारोंची कत्तल करून राजाला धरला. सुटकेसाठी एक खोली भरून सोनं आणि दोनदा भरून चांदी मागितली. त्याने दिली. तरी पुढच्या वर्षी त्याला मारला. त्या सोन्याच्या हिश्शातून तुमच्या त्या चौकातले वाडे उभे राहिले. आणि त्याच चौकात त्याचा घोड्यावरचा पुतळा, तुरा लावून! फोटो काढायला जायचंय तर जा, पण "वारसा" वगैरे शब्द वापरू नका.

खारीकखोबरं
@सरळसोट, बंगालमध्ये बाळांना झोपवताना बर्गी येतील म्हणून गातात. ते बर्गी म्हणजे आपलेच मराठा स्वार, कुठल्या वाड्यातून निघाले होते तेही एकदा बघा. मग नागपूरलाही जायचं नाही का?

सरळसोट
विषय भरकटवू नका. आणि हो, नागपूरला गेलो तर तेही मनात ठेवूनच जाईन. मी जाऊ नका म्हटलेलं नाही, डोळे मिटून जाऊ नका म्हटलंय.

धागापाल
बर्गींवर वेगळा धागा काढावा. इथे या विषयावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

बखरबहाद्दर
सरळसोट यांची माहिती बरोबर आहे पण गोष्ट अर्धी आहे. उरलेली त्या चौकाच्या कोपऱ्यावरच दगडात कोरलेली आहे, म्हणून तर जायचं.

फ्रान्सिस्को पिझारो १४७८ च्या सुमारास त्रुहियोत जन्मला, लग्नाबाहेरचा मुलगा. लिहिता-वाचता येत नव्हतं. डुकरं राखायचा ही कथा सगळे सांगतात, पुरावा काही नाही, पण गरिबीत वाढला हे खरं. तीन सावत्र भाऊ, एर्नान्दो, हुआन, गोन्सालो, सगळे बरोबर पेरूला. त्यातला हुआन १५३६ ला कुस्कोच्या वेढ्यात मेला. फ्रान्सिस्कोला २६ जून १५४१ ला लिमात त्याच्याच घरात घुसून दुसऱ्या गटाच्या स्पॅनिश लोकांनी मारलं. गोन्सालोने राजाविरुद्ध बंड केलं, १५४८ ला मुंडकं उडालं. अंथरुणात मेला तो एकटा एर्नान्दो, आणि तोही कसा, तर स्पेनला परतल्यावर राजाने वीसएक वर्षं ला मोताच्या किल्ल्यात कैदेत ठेवला.

आता खरी गोष्ट. फ्रान्सिस्कोला एका इंका राजकन्येपासून मुलगी झाली होती, फ्रान्सिस्का. राजकन्येचं नाव किस्पे सिसा, बाप्तिस्म्यानंतर इनेस. ती अताहुआल्पाची सावत्र बहीण. बाप मेल्यावर मुलगी सगळ्या संपत्तीची वारस. तिला स्पेनला आणलं आणि १५५२ ला सतरा-अठरा वर्षांची असताना तिचं लग्न लावलं, कुणाशी, तर तुरुंगातल्या एर्नान्दोशी. सख्खा नाही तरी काकाच! वय पन्नाशीच्या आसपास. ती त्याच्याबरोबर किल्ल्यातच राहिली. १५६१ ला सुटका झाल्यावर दोघं त्रुहियोला आले आणि त्यांनी चौकात वाडा बांधायला घेतला, पालासिओ दे ला कोन्किस्ता, म्हणजे सरळ "विजयाचा वाडा". त्याच्या कोपऱ्यावर सज्जा आहे, भिंतीच्या बरोबर काटकोनात, दोन्ही बाजूंनी वळणारा. त्याच्याभोवती चार चेहरे कोरलेत: फ्रान्सिस्को आणि इनेस, एर्नान्दो आणि फ्रान्सिस्का. म्हणजे ज्या राजाला मारला त्याच्या बहिणीचा आणि भाचीचा चेहरा मारणाऱ्याच्या गावात, त्याच्या पुतळ्यासमोर. वर मोठी मोहोर, त्यात साखळदंडात बांधलेले इंका सरदार. लपवाछपवी काहीच नाही. नवऱ्याला त्या कोपऱ्याखाली उभा करा नीताताई.

एर्नान्दो १५७८ ला गेला, फ्रान्सिस्काने नंतर दुसरं लग्न केलं, माद्रिदला राहिली, १५९८ ला वारली. तिच्यावर कुणी मराठीत नाटक लिहायला हवं.

पाणकोंबडी
बाप रे. काकाशी. तुरुंगात. आणि वर चेहरे कोरून घेतले.

सुमनताई_आठवले
बिचारी पोर.

बखरबहाद्दर
@सुमनताई, बिचारी होती का याबद्दल मला शंका आहे. बापाचा पैसा परत मिळवायला दोघांनी मिळून वर्षानुवर्षं कोर्टकज्जे केले, आणि वाड्याच्या भिंतीवर आईचा चेहरा राहिला. आईची आठवण कुणी ठेवायची सक्ती केली नव्हती.

चावडीवरचा_चिकू
पुतळ्याचीही गंमत आहे. तो स्पॅनिश माणसाने केलेलाच नाही, चार्ल्स रमसी नावाच्या अमेरिकन शिल्पकाराने केलाय. तो १९२२ मध्ये मोटार अपघातात गेला आणि त्याच्या बायकोने १९२९ ला त्रुहियोला भेट दिला. दुसरी प्रत १९३५ ला लिमाला. गावात दंतकथा आहे की पुतळा मुळात मेक्सिको जिंकणाऱ्या कोर्तेसचा होता, मेक्सिकोने नको म्हटलं म्हणून नाव बदलून इकडे आला. जाणकार यावर मान हलवतात पण हॉटेलवाले अजून सांगतात. (कोर्तेसही इथून जवळच्याच मेदेयिन गावचा आणि पिझारोंचा लांबचा नातलग. हे गाव इतकंसं आणि शेजारपाजारचे सगळेच अमेरिकेत निघालेले.)

लिमातली प्रत २००३ ला मुख्य चौकातून काढून एका बागेत नेऊन ठेवली, लोक म्हणत होते राजवाड्यासमोर हा नको. आता जानेवारी २०२५ मध्ये परत चौकाजवळ आणलाय, त्यावरही भांडणं झालीच. एकाच माणसाचे दोन पुतळे, एकाला हार आणि एकाची बदली.

खारीकखोबरं
म्हणजे पुतळ्यांवरून भांडणं आपल्याकडेच होतात असं नाही. जिवात जीव आला.

कवटीवाला
अवांतर: लिमाच्या कॅथेड्रलमध्ये काचेच्या पेटीत पिझारोचं शव म्हणून एक सुकलेलं प्रेत कित्येक दशकं लोक बघत होते. १९७७ मध्ये कामगारांना तळघरात शिशाची पेटी सापडली, आत कवटी आणि वर लिहिलेलं की हे मार्केस फ्रान्सिस्को पिझारोचं डोकं. तपासलं तर मानेवर तलवारीचे घाव वगैरे सगळं जुळलं. म्हणजे लोक इतकी वर्षं भलत्याच माणसाला नमस्कार करत होते. तेव्हापासून काचेतलं प्रेत बदललं.

बंडूचा_मळा
आमच्या ऑफिसात मागच्या वर्षी असंच झालं. निरोप समारंभ झाला एकाचा, फोटो लागला दुसऱ्याचा.

कोल्हापुरी_दिनू
नीताताईंच्या नवऱ्याला माझं उत्तर असं की पिझारोच्या लुटीत आपलाही वाटा आहे, दररोज खातोय. बटाटा पेरू-बोलिव्हियाच्या डोंगरातला. मिरची, टोमॅटो, शेंगदाणा, मका, साबुदाणा ज्या कंदाचा करतात तो कसावा, रताळं, सगळं अमेरिकेतून आलं, आपल्याकडे बरंचसं पोर्तुगीजांच्या गलबतांतून गोव्यामार्गे. एकादशीचं ताट बघा, साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, हिरवी मिरची, बाजूला बटाट्याची भाजी, रताळ्याचा कीस. पांडुरंगाच्या नावाने आख्खा दक्षिण अमेरिका खंड पोटात! आषाढीला ज्ञानेश्वर-तुकोबांच्या काळात काय खात होते कुणास ठाऊक.

गोदाकाठ
भगर खात होते. भगर आपलीच.

कोल्हापुरी_दिनू
भगर आपली हे मान्य. पण राजगिरा सांगू का? तोही मूळचा तिकडचाच.

गोदाकाठ
राहू दे, काही ठेवू नका आमच्यासाठी.

मिरजकर_मोहन
मी मगाशी चुकलो म्हणून आता एक बरोबर माहिती देतो. आपण फळाला पेरू म्हणतो ते पेरू देशातून आलं म्हणूनच.

बार्देशकार
मोहनराव, परत वादात पडलात. आमच्या गोव्यात फळाला पेर म्हणतात, आणि पोर्तुगीजमध्ये पेरा म्हणजे नासपती. फळ नासपतीसारखं दिसतं म्हणून ते नाव चिकटलं असं मला तरी पटतं. पोर्तुगीजमध्ये "पेरू" म्हणजे टर्की पक्षी, तो मागवला तर ताटात वेगळंच काहीतरी येईल.

आणि एक आठवण करून देतो. १५८० ते १६४० स्पेनचा राजाच पोर्तुगालचाही राजा होता. म्हणजे गोव्यावर तेव्हा राज्य, निदान नावाला, त्याच माद्रिदच्या दरबाराचं. पेरू देशातली चांदी आणि गोव्यातली मिरी साठ वर्षं एकाच राजाच्या हिशोबात. आपला संबंध बटाट्याहून जरा जास्त आहे.

बखरबहाद्दर
मसाल्यांचा विषय निघालाच आहे तर गोन्सालो पिझारोची मोहीम सांगतो. १५४१ मध्ये तो कितोहून निघाला तो सोन्यासाठी जितका, तितकाच दालचिनीसाठी. पूर्वेचा मसाला पोर्तुगीजांच्या हातात, तर अमेरिकेत आपलं दालचिनीचं रान शोधू असा हिशोब. झाडं सापडली ती विरळ आणि कुचकामी. माणसं भुकेने मरायला लागली, कुत्री-घोडी खाल्ली. मग बरोबरच्या फ्रान्सिस्को दे ओरेयानाला नावेतून अन्न शोधायला पुढे धाडला, तो प्रवाहाबरोबर वाहत गेला तो परत आलाच नाही, थेट अॅमेझॉनच्या मुखातून १५४२ ला समुद्रात निघाला. आख्खी अॅमेझॉन उतरणारा पहिला युरोपियन. एका डोळ्याचा होता. वाटेत बायकांनी बाण मारले म्हणाला, म्हणून नदीला ग्रीक कथेतल्या अॅमेझॉन बायकांचं नाव. हा ओरेयानाही त्रुहियोचाच! दालचिनी आणायला गेला आणि नदी घेऊन आला.

पाणकोंबडी
धागा कुठून कुठे. नीताताईंच्या सासूबाई अजून उपाशीच आहेत. मी शाकाहारी, दोनदा गेलेय, म्हणून सांगते.

एक, "शाकाहारी" म्हटलं की तिकडे सॅलडवर ट्यूना येतो, नाहीतर भाजीवर हॅमचे तुकडे भुरभुरलेले, आपण कोथिंबीर घालतो तसे. मांस नको, मासा नको, हॅम नको असं तिन्ही वेगळं सांगायचं. दोन, मिगास मागवा. शिळ्या पावाचा चुरा, लसूण, तिखट, तेलात परतलेला. त्यात डुकराचे तुकडे असतात, ते न घालता करतात का विचारा, वर तळलेलं अंडं मिळतं. तीन, सोरोन्गोयो, भाजलेल्या लाल मिरच्यांची कोशिंबीर. चार, टोमॅटोचं सार, तिथे त्याच्याबरोबर अंजीर देतात, विचित्र वाटतं पण छान लागतं.

आणि चीज. तोर्ता देल कासार नावाचं मेंढीच्या दुधाचं चीज, वरची चकती कापायची आणि आतलं पातळसर पावाला लावून खायचं. वास मोज्यांसारखा, चव स्वर्ग. यातली मजा अशी की दूध नासवायला वासराच्या पोटातलं रेनेट वापरत नाहीत, काटेरी रानफुलाचे तुरे वापरतात. सासूबाईंना निर्धास्त द्या. मे महिन्याच्या सुरुवातीला त्रुहियोच्या चौकात राष्ट्रीय चीज जत्रा भरते, तेव्हा वासाच्या दिशेने चालत गेलं तरी गाव सापडतं.

फुटबॉलभाऊ
कुणीच सांगितलं नाही म्हणून. वर सांता मारिया नावाचं चर्च आहे, आत फेर्नान्दो गायेगोच्या चित्रांची मोठी वेदी आहे, लोक ती बघायला जातात. मी गेलो ते मनोरा बघायला. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दुरुस्ती चालू असताना तिथल्या एका गवंड्याने मनोऱ्याच्या दगडात चक्क अॅथलेटिक बिल्बाओचं चिन्ह कोरून ठेवलं. गाव कुठे, बिल्बाओ कुठे! पण माणूस पक्का फॅन. अजून आहे तिथे. मध्ययुगीन कोरीवकामात फुटबॉल क्लब. पिझारो-बिझारो ठीक आहे, मला आवडलेला त्रुहियोकर हा गवंडी.

सरळसोट
हा प्रतिसाद मला धाग्यातला सर्वात आवडला. +१

ड्रॅगनप्रेमी
किल्ला बघून ओळखीचा वाटला तर दचकू नका, ती ड्रॅगनवाली इंग्रजी सिरीयल, तिच्या सातव्या सीझनमध्ये हाच किल्ला सिंहवाल्या श्रीमंत घराण्याचा म्हणून दाखवलाय. समुद्र मात्र कॉम्प्युटरवर चिकटवला.

मिरजकर_मोहन
बघा! समुद्र आहे म्हटलं होतं मी.

निवांतनीता
मंडळी, आलो परत. धागा वर काढतेय, रागावू नका. तुमच्यामुळे बहुमत झालं, म्हणजे नवऱ्याने हा धागा वाचला आणि म्हणाला मला तो कोपऱ्यावरचा सज्जा बघायचाय.

पोचलो दुपारी ३ वाजता. सदाभाऊंनी सांगूनही! चिटपाखरू नाही, फक्त करकोच्यांची रिकामी घरटी आणि एक झोपलेलं कुत्रं. हॉटेलच्या माणसाने डोळे चोळत किल्ली दिली. ६ नंतर गाव जागं झालं. सासूबाई ओवरीखालच्या खुर्चीत बसल्या त्या रात्री साडेदहापर्यंत उठल्या नाहीत, शेजारच्या टेबलावर त्यांच्याच वयाच्या चार बायका बसल्या होत्या, भाषा शून्य, पण कोणाच्या किती सुना आहेत एवढं बोटांवर सांगून झालं.

नवरा विजयाच्या वाड्याच्या कोपऱ्याखाली मान वर करून अर्धा तास. चारही चेहरे शोधले. सासूबाईंना फ्रान्सिस्काची गोष्ट सांगितली तर त्या बराच वेळ वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आईला बसवलंन् ना वर, मग झालं." नवऱ्याचं मत बदललं नाही, दरोडेखोर तो दरोडेखोरच, पण निघताना म्हणाला लपवलेलं नाही हे बरं केलंय.

मिगास आले तेव्हा सासूबाईंनी एक घास घेतला आणि जाहीर केलं, ही फोडणीची पोळी आहे, मोहरी घालायची विसरलेत. सकाळी काठी टेकत किल्ल्यावरसुद्धा आल्या, ३५ मिनिटं लागली, टाक्यात वाकून बघितलं, पाणी हिरवं आहे म्हणाल्या.

फुटबॉलभाऊ, सॉरी, तुमचं बिल्बाओचं चिन्ह काही दिसलं नाही. पंधरा मिनिटं शोधलं.

फुटबॉलभाऊ
पंधरा मिनिटं? सज्ज्याला अर्धा तास आणि गवंड्याला पंधरा मिनिटं?

सदासफरी
तीनला पोचलात वाचून हात जोडले. बाकी सगळं वाचून फार बरं वाटलं. तिथलं पिमेंतोन आणलंत का? ला वेरा भागात लाल मिरच्या ओकच्या लाकडाच्या धुरावर कित्येक दिवस वाळवतात आणि मग दळतात, छोट्या पत्र्याच्या डब्यात मिळतं.

निवांतनीता
तीन डबे. सासूबाईंनी काल त्याचं पिठलं केलं. घरभर चुलीवरचा वास सुटला, वरच्या मजल्यावरचे विचारायला आले की काही जळतंय का.

बंडूचा_मळा
मग त्यांना वाढलंत की नुसतं परत पाठवलंत?